घरची पार्टी, ८०० रुपये एंट्री आणि दारूबंदी कायदा

जुळे सोलापुरातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. थोड्याफार फरकाने असे प्रश्न माझ्याकडे वर्षभर येत असतात. कॉलेजच्या जुन्या मित्रांचं गेट-टुगेदर त्यांनी स्वतःच्या रो-हाउसच्या गच्चीवर ठेवलं. २४ जण आले. प्रत्येकाकडून ८०० रुपये आधीच यूपीआयवर घेतले होते. दारू वाइन शॉपमधून रीतसर बिल करून आणली, शिवाय साडू कर्नाटकातल्या इंडीहून येताना दोन बाटल्या घेऊन आले. रात्री साडेअकराला स्पीकरच्या आवाजावरून शेजाऱ्यांनी तक्रार केली. पोलीस आले, पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला आणि चौकशीला हजर राहण्याची नोटीस आली. एका मित्राचा बारावीतला, १७ वर्षांचा मुलगा सोबत होता आणि त्याच्या हातात बिअरचा ग्लास असल्याचं पंचनाम्यात लिहिलं आहे. वाचक विचारतात: ‘घर माझं, दारू बिलाची, मग गुन्हा कसला? आणि मार्चमध्ये भावाच्या लग्नाआधी मित्राच्या फार्महाउसवर पार्टी आहे, तिथे दारूचे काय नियम ठेवू?’

घर तुमचं आहे, यावर कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो ग्रुपवर तुम्ही टाकलेल्या मेसेजवर. तो तुम्हीच मला पाठवलात: ‘एंट्री ८०० पर हेड, ड्रिंक्स अनलिमिटेड, पैसे आल्याशिवाय नाव फायनल नाही.’ ही एक ओळ तुमच्या प्रकरणात बाकी सगळ्यापेक्षा जड आहे.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये ‘कॉमन ड्रिंकिंग हाउस’ची व्याख्या आहे. जागेचा मालक किंवा ती जागा ताब्यात असलेला माणूस स्वतःच्या फायद्यासाठी तिथे लोकांना दारू पिऊ देत असेल, तर ती जागा या व्याख्येत येते. फायदा दारूच्या पैशातून झाला, जागा वापरू देण्याच्या पैशातून झाला की आणखी कुठल्या मार्गाने, याने फरक पडत नाही. बार, ढाबा, गच्ची असा भेदही तिथे नाही. अशी जागा चालवणाऱ्याला कलम ६८ लागतं आणि तिथे सापडलेल्या पाहुण्यांना कलम ८४. त्यातही कलम ८४ पाहुण्यांच्या विरोधात गृहीतक धरतं: तिथे पिणं चालू असताना जो हजर होता तो पिण्यासाठीच आला होता, असं मानलं जातं आणि उलट सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं. म्हणजे कोपऱ्यात बसून नुसती शेंगाचटणी-भाकरी खाणारा तुमचा मित्रसुद्धा तुमच्या त्या मेसेजमुळे अडचणीत आला.

तुमचा बचावही याच व्याख्येत आहे. मित्रांनी मिळून खर्च वाटून घेणं आणि फायद्यासाठी लोकांना पाजणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं मांडायला कोर्टात जागा आहे. मात्र ते हिशेबाने दाखवावं लागेल. तुमचा हिशेब असा: जमा १९,२०० रुपये. दारूचं बिल ११,४५०. मटण, कडक भाकरी, बर्फ, सोडा, पत्रावळ्या मिळून ६,१५०. एकूण खर्च १७,६००. राहिले १,६००, आणि ते आजही तुमच्या खात्यात आहेत. हे १,६०० रुपये ‘फायदा’ ठरले तर तुमची बाजू लंगडी पडते. पुढच्या भेटीसाठी राखून ठेवलेली सामाईक शिल्लक ठरले, तर बाजू भक्कम होते. ‘उरलेले पुढच्या वेळी वापरू’ असं कोणी कुठे लिहिलं होतं का, ते शोधा. स्पीकरचं भाडं याच पैशातून द्यायचं होतं, असं तुम्ही म्हणता. मग त्या माणसाची पावती आणा. तोंडी सांगण्याने काही होणार नाही.

यापुढचं वाचून मला राग आला, तो लपवत नाही. नोटीस आल्यावर तुम्ही तो ग्रुपच डिलीट केलात. कशासाठी? मेसेज २४ जणांच्या फोनमध्ये आहे, पैशांची नोंद बँकेत आहे. पुरावा म्हणून हजर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय ‘खर्च वाटून घेतला’ हे सांगणारे, तुमच्या बाजूचे मेसेजही त्याच ग्रुपमध्ये असणार. यापुढे फोनमधलं काहीही पुसू नका. ज्या मित्राच्या फोनमध्ये ग्रुप अजून आहे, त्याला सगळं संभाषण जपून ठेवायला सांगा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून ते कोर्टात देता येईल. आणि ते १,६०० रुपये घाईघाईने मित्रांना परत पाठवू नका. परताव्याची तारीख बँकेच्या उताऱ्यात दिसेलच, आणि ती गुन्ह्यानंतरची असेल.

दुसरी चूक नोटिशीची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची ती नोटीस आहे. नोटिशीप्रमाणे तुम्ही हजर होत राहिलात, तर अटकेची गरज का आहे, हे पोलिसांना लेखी कारण देऊन दाखवावं लागतं. हे संरक्षण कायद्याने तुमच्या हातात दिलं होतं. तुम्ही लग्नाच्या खरेदीला पुण्याला गेलात आणि तारीख चुकवली. आता ते संरक्षण ढिलं झालं आहे. उद्याच तुमच्या वकिलांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा. न येण्याचं कारण लेखी द्या, त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि नवी तारीख मागा. त्याआधी एफआयआरची प्रत मिळवून कलमं नीट वाचा. अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जायचं की नाही, हे त्या कलमांवर ठरेल. एफआयआर न पाहता त्यावर मी काही सांगणार नाही.

विशेषतः एक कलम आहे का ते पाहा: बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणं किंवा द्यायला लावणं यासाठी सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्याला अपवाद डॉक्टरांच्या आदेशाचा. वडील शेजारी बसले होते, त्यांनीच ‘घे रे थोडी’ म्हटलं, यातलं काहीही अपवादात बसत नाही. तुम्ही लिहिता, ‘लहानांना द्यायची नाही असं मी आधीच सांगितलं होतं.’ सांगितलं असेल. पण बाटल्या कठड्याजवळच्या टेबलावर उघड्या होत्या आणि ज्याला हवं तो स्वतः ओतून घेत होता, हेही पंचनाम्यात आहे. त्याला ग्लास कोणी दिला, यावर तुमचा संबंध ठरेल. तपासात कोण काय जबाब देतो, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात. वाइन शॉपचं बिल म्हणजे पिण्याचा परवाना नव्हे. आपल्या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला ज्याच्या त्याच्या नावाचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वार्षिक किंवा आजीवन मिळतो. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५. तुमच्या २४ जणांपैकी किती जणांकडे परवाना होता, हे त्यांनाच विचारा. साडूंच्या दोन बाटल्या कर्नाटकातल्या आहेत. सीमा तासाभरावर असली तरी परराज्यातली दारू विनापरवाना आणणं दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ खाली येतं, आणि त्या बाटल्यांसाठी साडूंचा जबाब तुमच्यापेक्षा वेगळा असू शकतो. तेव्हा दोघांना एकच वकील पुरेल, असं गृहीत धरू नका. आवाजाचं म्हणाल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही बंदीची वेळ आहे आणि वसाहतीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. शेजाऱ्यांची तक्रार रास्त होती.

कोणीतरी तुम्हाला ‘कोर्टात कबूल करा, दंड भरा, एका दिवसात मोकळे’ असं सांगितलं आहे. सही करण्याआधी नीट ऐका. गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही दोषसिद्धीच असते. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत, सरकारी टेंडरमध्ये, नोकरीच्या अर्जात ती समोर येते. लोकांना हा सल्ला मोहात पाडतो याचं कारणही मला माहीत आहे. बाटल्यांचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, अहवाल रखडतो, दोषारोपपत्र रेंगाळतं, पंच तारखेला येत नाहीत, आणि साध्या प्रकरणाला वर्षं लागतात. या दिरंगाईनेच निर्दोष माणसंसुद्धा कंटाळून कबुली देतात. हे व्यवस्थेचं अपयश आहे आणि त्याची किंमत अशील मोजतं. तरीही तुमच्या प्रकरणात बचावाला खरीखुरी जागा आहे. पहिल्याच तारखेला ती सोडू नका.

आता मार्चच्या पार्टीविषयी. नियम ठेवायचे म्हणजे ग्रुपवर सूचना टाकून मोकळं व्हायचं नाही. ते पाळले जाताहेत हे बघायला एक माणूस लागतो, आणि त्या रात्री त्या माणसाने स्वतः प्यायची नाही.

पहिला नियम पैशांचा. दारूसाठी कोणाकडूनही एक रुपया घेऊ नका. यजमान म्हणून खर्च तुम्ही आणि भावाने करा. परवडत नसेल तर दारू ठेवू नका, जेवण ठेवा. वर्गणी घ्यायचीच असेल तर जेवणाची आणि मंडपाची घ्या, तिचा हिशेब वेगळा ठेवा आणि उरलेली रक्कम त्याच आठवड्यात परत करा. ‘एंट्री’, ‘अनलिमिटेड’ असे शब्द निमंत्रणात नकोत.

दुसरा, बाटल्या एका जागी आणि त्या जागी एक जबाबदार माणूस. स्वतः ओतून घेणं बंद. ज्याचा परवाना नाही, ज्याचं वय बसत नाही, त्याला नाही म्हणायचा अधिकार त्या माणसाला सगळ्यांसमोर द्या. नवरदेवाचा मामा रागावला तरी तुम्ही मध्ये पडून तो निर्णय फिरवायचा नाही, नाहीतर नियम तिथेच संपला. लग्नघर म्हटल्यावर मुलं येणारच. त्यांची पंगत वेगळ्या जागी आणि लवकर करा, बाटल्या त्यानंतरच बाहेर काढा.

तिसरा, गाड्यांच्या चाव्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. ती कमीच आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. फार्महाउस अक्कलकोट रोडला आहे, रात्री त्या रस्त्यावर जड वाहनं असतात. ज्यांना मुक्काम करायचा नाही, त्यांच्यासाठी न पिणाऱ्या चालकासह गाडी आधीच ठरवून ठेवा. ‘मी हळू चालवतो’ म्हणणाऱ्याची चावी काढून घ्या. भांडण झालं तर होऊ द्या.

तारीख पक्की करण्याआधी ड्राय डे आहे का, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघा. निवडणूक असली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते. ऐनवेळी दुकान बंद मिळालं की माणसं नको तिथून नको ती दारू आणतात, आणि हातभट्टीचा धोका सोलापूरकरांना सांगायला नको.

शेवटचा मुद्दा जागेचा. फार्महाउस मित्राचं आहे म्हणता, पण ‘साफसफाईचे म्हणून’ तो पाच हजार घेणार, असंही लिहिलं आहे. जागा वापरू देण्याचे पैसे ‘कॉमन ड्रिंकिंग हाउस’च्या त्याच व्याख्येत येतात, मग या वेळी अडचणीत तुमच्यासोबत तोही. अशा कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एकदिवसीय क्लब परवाना मिळतो. तुमच्यासारख्या घरगुती कार्यक्रमाला तो किती सक्तीचा, यावर दोन मतं होऊ शकतात. पण जागेचे पैसे दिले जाणार असतील आणि एक गुन्हा आधीच नावावर असेल, तर मी ती जोखीम घेऊ देणार नाही. सोलापूरच्या अधीक्षक कार्यालयात अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या, फार्महाउस मालकाचं संमतिपत्र जोडा, आणि परवाना हातात आल्याशिवाय पत्रिकेत फार्महाउसचं नाव छापू नका.