आधी रक्त द्या, मग सुई घ्या (पायाच्या मुंग्या आणि बी-१२)

ताई, तळपायाची आग, मुंग्या, शुगर नॉर्मल, हिमोग्लोबिन चांगलं, आणि वर घरच्यांचं 'भाकरी-भाजी खाणाऱ्याला कसली कमतरता?' तुमची पोस्ट वाचताना माझीच जुनी फाईल उघडल्यासारखं झालं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

बी-१२ हे रक्त आणि नसांना लागणारं जीवनसत्त्व, ते कमी पडलं की पायांना अशा मुंग्या येऊ शकतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझा घोळ झाला तो इथल्याच एका दवाखान्यात, नाव घेत नाही. पायातली स्लीपर निसटली तरी कळत नाही, डोळे मिटून तोंडाला साबण लावला की तोल जातो, हे सगळं सांगितलं. त्यांनी 'अशक्तपणा' म्हणून लाल रंगाची ताकदीची सुई टोचली आणि मग रक्त तपासायला पाठवलं. ती लाल सुई म्हणजेच बी-१२ ओ! रिपोर्ट भरभक्कम येणारच. पुढे जो तो तोच कागद बघून 'बी-१२ उत्तम आहे, मणका बघा' म्हणायचा. एमआरआयचे पैसे गेले ते गेले, तोवर नसा खराब होत राहिल्या. डाव्या अंगठ्याला अजून धड संवेदना नाही. सुईआधी रक्त काढायला यांचं काय जात होतं?

म्हणून आधी रक्त द्या. बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे कमी. २०० ते ३०० आलं तर काठावर. तेव्हा होमोसिस्टीनही (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिनवर विसंबू नका. शेंगा, मेथी, डाळींतून फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) मिळत राहतं, त्यामुळे रक्त ठीक दिसू शकतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

शाकाहार सोडा असं मी म्हणणार नाही. आमच्या लिंगायत घरात अंडंही येत नाही, आणि माझं बी-१२च्या गोळीवर छान चाललंय. पण ज्वारी, कडधान्यं, पालेभाज्यांत बी-१२ नाही म्हणजे नाहीच. स्पिरुलिनाच्या (शेवाळाची पावडर) जाहिरातींनाही भुलू नका. दूध-दह्यात असतं, ग्लासभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम. रोजची गरज २ च्या वर. चहातलं दूध यात धरू नका! यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून 'इतकी वर्षं काही झालं नाही' याला अर्थ नाही.

जाता जाता, तुमच्या आईंना मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे असं लिहिलंय. त्या गोळीनेही बी-१२ कमी होऊ शकतं, तेव्हा त्यांचंही रक्त सोबतच देऊन टाका. गोळी मात्र मनाने बंद करू नका.