पेटीतली ८३ गाणी

प्रश्न : अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘ट्रॅक्स टू’ हा २०२५चा पेटीबंद संच म्हणजे अल्बममधून वगळलेल्या गाण्यांचा गाळच ना? घ्यावा का?

उत्तर : गाळ म्हणू नका हो! १९९८च्या पहिल्या ‘ट्रॅक्स’मध्ये बहुतेक सुटी राहिलेली गाणी होती. इथे सात अख्खे अल्बम आहेत, एक सोडून बाकीचे तेव्हाच करून बाजूला ठेवलेले. ८३ गाण्यांपैकी ७४ आधी कुठेच आली नव्हती.

मी सुरुवात केली १९८३च्या लॉस एंजेलिसच्या रेकॉर्डिंगपासून. ‘नेब्रास्का’ आणि ‘बॉर्न इन द यूएसए’ या त्याच्या अल्बमांच्या मधला हा काळ. गडी जवळजवळ एकटाच. ड्रम मशीनचा ठोका कोरडा, आवाज अगदी कानाशी. उलट संचातल्याच ‘इन्यो’ अल्बममध्ये मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) वादकांचे ट्रम्पेट घुमतात तेव्हा हा तोच माणूस का, असं वाटतं. ‘ट्वायलाइट अवर्स’ हा आणखी एक अल्बम मला गुळमट वाटला (चाहत्यांनी रागावू नये), तंतुवाद्यांचा मारा जास्तच.

सगळं एका बैठकीत ऐकायला जाल तर कंटाळाल. निवडक २० गाण्यांचा ‘लॉस्ट अँड फाउंड’ वेगळा मिळतो. तो आवडला, तरच पेटीला हात घाला.