चौघांनी मिळून घर घ्यावे का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडला आहे. घरी न परतता केंद्रातल्या तिघा सोबत्यांसह इंदूरमध्येच भाड्याने घर घेण्याचा त्याचा विचार आहे. चार दारू सोडलेली माणसे देखरेखीविना एकत्र आली तर पुन्हा पिणारच, असे आईबाबांना वाटते. त्याला अडवावे का?
— एक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, अडवू नका. मात्र घराचे नियम कागदावर उतरल्याशिवाय त्याने भाडेकरारावर सही करू नये, एवढा आग्रह जरूर धरा.

आईबाबांची धास्ती रास्त असली, तरी अनुभव वेगळे सांगतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सरकारी खर्चाने चालणारा एक निवारा बंद होऊ लागला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच ते घर भाड्याने घेतले आणि त्यातून ‘ऑक्सफर्ड हाउस’ची पद्धत उभी राहिली. तिथे वॉर्डन नसतो. खर्च सगळे वाटून भरतात, निर्णय मतदानाने होतात आणि जो पुन्हा नशा करील त्याला घर सोडावे लागते. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील संशोधकांनी उपचार संपलेल्या १५० जणांची दोन गटांत विभागणी केली. दोन वर्षांनी अशा घरांत पाठवलेल्यांपैकी ३१ टक्के, तर इतरांपैकी सुमारे ६५ टक्के लोक नशा करताना आढळले.

माझ्या मते यातले खरे बळ आठवड्याच्या बैठकीत आहे. खजिनदार वही उघडून भाडे, वीजबिल, किराणा यांचा हिशेब वाचतो आणि ज्याचा वाटा थकला असेल त्याला सर्वांसमोर विचारले जाते. आपल्या घरांत हाच हिशेब आई पदराआड झाकते. पदेही ठरावीक मुदतीची असतात, त्यामुळे कोणी एकटा मालक होऊन बसत नाही.

तुमच्या भावाची अडचण संख्येची आहे. तिकडे निदान सहा जण असतात. चौघांतला एक गेला तर भाड्याचा बोजा लगेच तिघांवर पडेल, तेव्हा दोन महिन्यांचे भाडे आधीच बाजूला ठेवावे. घर सोडावे लागलेला माणूस त्या रात्री कोणाकडे जाणार, हेही प्रत्येकाने आधीच लिहून द्यावे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवल्यास झटके किंवा भ्रम होऊ शकतो. अशा वेळी त्याला डॉक्टरकडेच न्यायला हवे, कारण हे घर म्हणजे रुग्णालय नव्हे.

आणि भाडे तुम्ही भरू नका, त्याला कमाईतून भरू द्या. आईंनी रोज डबा पाठवण्यापेक्षा रविवारी चौघांनाही जेवायला बोलवावे.