मुलांसाठीच्या कॅथेटर-पंपाची चाचणी आपल्याकडच्या मेंढरांवर करता येईल का?

तुम्ही विचारलंय की, बेळगावच्या कॉलेजात तुमचा गट साधारण १० किलोच्या मुलांसाठी, छाती न उघडता रक्तवाहिनीतून हृदयात सरकवायचा पंप बनवतोय. चिकोडी-अथणीकडे दख्खनी मेंढरं सहज मिळतात, तर बाजारातून आणून चाचणी करावी का?

जनावर योग्य निवडलंय, वाट चुकीची आहे. चाचणी नोंदणीकृत प्राणीगृहातच करावी लागते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीबरोबरच मोठ्या जनावरांसाठी सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीची मंजुरीही लागते. शिवाय बाजारातल्या मेंढराला जंत असतात, त्यामुळे रक्त कमी असतं. पुढे हिमोग्लोबिन घसरलं तर दोष पंपाचा की जंतांचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे आधी वेगळं ठेवणं, जंतनाशक आणि रक्ततपासणी हवीच. गाभण मेंढी घेऊ नका. तिच्यापासून माणसाला क्यू फीवर हा जिवाणूंचा ताप होऊ शकतो.

वजनापेक्षा वाहिनीचा व्यास बघा. नळीची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात: ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. प्रौढांसाठीचा इम्पेला २.५ हा असाच कॅथेटर-पंप १२ फ्रेंचचा, म्हणजे ४ मिलिमीटर जाड असतो. १० किलोच्या मुलाची मांडीतली धमनी ३ मिलिमीटरच्या आसपास असते. ९ फ्रेंचची नळीसुद्धा ती भरून टाकते आणि पायाचा रक्तपुरवठा थांबतो. मेंढराच्या मानेतली धमनी मात्र लांब, सरळ आणि ऐसपैस. तिथून पंप सहज गेला म्हणजे मुलातही जाईल, असं धरू नका. सोनोग्राफीने व्यास मोजून जुळणारं कोकरू निवडा. प्रवाहाचंही तसंच: अशा मुलाला मिनिटाला १ ते १.५ लिटर पुरतं, मोठ्या मेंढीचं हृदय त्याहून बरंच जास्त रक्त ढकलतं.

पण जनावराआधी टेबलावरची चाचणी पूर्ण करा. पाण्यात सुमारे ४०% ग्लिसरीन घातलं की चिकटपणा रक्ताच्या जवळ येतो. त्यावर दाब आणि प्रवाहाचे आलेख काढा. मग ताज्या रक्तावर सलग ६ तास पंप चालवून प्लाझ्मातलं (रक्तातल्या पेशींविना उरणाऱ्या द्रवातलं) मोकळं हिमोग्लोबिन मोजा, म्हणजे किती पेशी फुटल्या ते कळेल. छोटं चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं, पेशी फुटतात त्या तिथेच. कसाईखान्यातलं रक्त यासाठी नको. त्यातल्या पेशी आधीच दुखावलेल्या असतात. जिवंत जनावराचा नमुनाही बारीक सुईतून जोरात ओढला की आकडा खोटाच वाढतो.

शस्त्रक्रियेत सगळ्यात जास्त गोंधळ पोटामुळे होतो. मेंढरू रवंथ करणारं. आडवं पडलं की पोटात वायू साठतो, पोट फुगून श्वासपटल आणि महाशिरेवर दाब येतो, हृदयात रक्त कमी येतं. मग पंपाचं तोंड हृदयाच्या भिंतीला चिकटतं, प्रवाह कोसळतो, मोटरचा करंट वरखाली होतो, आणि सगळे पंपच बिघडला म्हणून वेग वाढवतात. त्याने भिंत आणखी ओढली जाते. वेग कमी करा, सलाईन द्या, पोटातल्या नळीतून वायू निघतोय का बघा. साधारण २४ तास चारा बंद ठेवा आणि पोटात रुंद नळी सुरुवातीलाच घाला. डुकरात हा त्रास नाही, पण कॅथेटरच्या नुसत्या स्पर्शाने त्याचं हृदय फडफडू लागतं, शिवाय ते इतकं भराभर वाढतं की काही आठवड्यांच्या चाचणीत मापंच बदलतात.

शवविच्छेदनात मेंदू स्वच्छ दिसला म्हणून गुठळ्या होत नाहीत, असा निष्कर्ष काढणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. मेंढराच्या मेंदूकडे जाणारं रक्त आधी बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून जातं आणि गुठळ्या तिथेच अडकू शकतात. मुलात असं जाळं नसतं. म्हणून दोन्ही मूत्रपिंडांच्या पातळ चकत्या करून पांढुरके, पाचरीच्या आकाराचे डाग शोधा; गुठळी अडकल्याची ती खूण असते. मारण्याआधी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्या, नाहीतर मृत्यूनंतर गोठलेलं रक्त पंपाच्या माथी बसेल. पंप काढल्यावर नळाखाली धरू नका. सलाईनने हलकेच धुवा आणि चाकाच्या आसापाशी काय साठलंय त्याचे फोटो फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी घ्या.