गाडीवरचा सोलता येणारा रबरी स्प्रे थंड देशातील पामच्या झाडाला चालेल का?

धुळ्याहून आपण दोन गोष्टी एकाच दमात विचारल्या आहेत. पहिली अशी की, पांढऱ्या हॅचबॅकवर सोलून काढता येणारा काळा रबरी स्प्रे मारावा का आणि तो आपल्याकडच्या उन्हात टिकेल का. दुसरी अशी की, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या भावाच्या अंगणात पामचे झाड आहे, थंडीत अशा झाडांवर पातळ थराचा फवारा मारतात असे त्याच्या कानावर आले आहे, तर हाच डबा तिकडे चालेल का. माझे रंगकामाचे दुकान भुसावळला आहे आणि घरची शेती यावल तालुक्यात केळीची आहे. म्हणून दोन्हींबद्दल लिहिण्याचे धाडस करतो. झाडाचे उत्तर आधी देऊन ठेवतो, कारण तिथे चूक झाली तर दुरुस्ती नाही: गाडीचा डबा झाडाजवळ नेऊ नये. कारण पुढे येईलच.

आता गाडी. हा स्प्रे म्हणजे द्रावकात विरघळवलेले कृत्रिम रबर. यातला सर्वांत परिचित माल ‘प्लास्टि डिप’ या नावाने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून येतो, आणि १९७२ साली तो निघाला तेव्हा गाडीशी त्याचा काही संबंध नव्हता; पकडी आणि पान्यांच्या मुठी डब्यात बुडवून त्यांवर रबरी आवरण चढवावे, एवढाच त्याचा उपयोग होता. गाडीचा नेहमीचा रंग खालच्या प्रायमरला धरून बसतो. हे रबर मात्र पृष्ठभागावर नुसते पसरून आवळले जाते. द्रावक उडून गेला की मागे एक सलग पापुद्रा राहतो. तो सोलला जातो तो एकाच अटीवर: पापुद्र्याची स्वतःची ताकद त्याच्या पत्र्यावरील पकडीपेक्षा जास्त असली पाहिजे. ही ताकद जाडीतून येते. म्हणूनच ‘पातळ मारला तर काढायला सोपा जाईल’ हा जो समज सर्वत्र आढळतो, तो नेमका उलटा आहे.

मागे एक गृहस्थ अमळनेरहून आले होते. त्यांनी एप्रिल महिन्यात, घराच्या अंगणात, भर दुपारी बॉनेटवर स्वतःच या स्प्रेचे दोन हात, म्हणजे दोन थर, मारले होते आणि वर्षभराने रंगाला कंटाळून ते काढायला बसले होते. बॉनेटकडे पाहिले तेव्हा नखाएवढे काळे तुकडे निघालेले आणि त्यांच्यामध्ये न निघालेली बेटे, असा नकाशा झाला होता. ‘भाऊ, हाई निंघी जाई ना?’ एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आम्ही सोलण्याचा नाद सोडला, बॉनेट धुऊन कोरडे केले आणि त्याच जुन्या थरावर त्याच स्प्रेचे आणखी चार भरपूर हात चढवून गाडी रात्रभर आत ठेवली. नवा थर जुन्याला विरघळवून स्वतःत घेतो, त्यामुळे दोन्ही मिळून एकच जाड पापुद्रा होतो. सकाळी एका कोपऱ्यातून अंगठ्याने कड उचलली आणि केळीच्या खोडावरचे वाळलेले सोपट ओढावे तसे अख्खे बॉनेट हातात आले. खाली मूळ पांढरा रंग जसाच्या तसा होता. पॉलिश पेपर किंवा ब्लेड लावले असते, तर तोच रंग गेला असता.

भर दुपारी मारले, हीही त्यांची एक चूक होती. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत पारा जातो, आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. अशा हवेत नोजलमधून निघालेल्या थेंबातला द्रावक वाटेतच उडतो आणि पत्र्यावर रबराची कोरडी भुकटी बसते. हात फिरवला तर वाळूसारखी खरखर लागते. अशा थरात सलगपणा नसतो; तो सोलताना तुटतोच. हे काम मार्गशीर्ष-पौषात करावे, किंवा उन्हाळ्यातच करायचे असेल तर पहाटे, बंद पण हवा खेळती असलेल्या जागेत करावे. पहिला हात मुद्दाम विरळ मारावा, खालचा रंग अर्धा दिसत राहिला तरी चालेल. नंतरचे चार ते पाच हात ओले आणि भरीव मारावेत, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढावी. वाळल्यावर काढली, तर टेपबरोबर रबराची कडही फाटून येते. नाकावर रुमाल किंवा उपरणे बांधून भागत नाही. द्रावकाची वाफ कापडातून सरळ आत जाते, तिच्यासाठी कोळशाची कॅसेट असलेला मास्क लागतो. आसपास विडी, शेगडी, देवघरातील दिवा काहीही पेटते नको.

टिकण्याबद्दल बोलायचे तर, उष्णतेने हा थर वितळत नाही. सुमारे उणे ३४ ते ९३ अंश सेल्सिअस एवढी मर्यादा उत्पादक सांगतात, आणि आपला मे महिना तिच्या आत येतो. त्याला मारते ते ऊन. अतिनील किरणांनी रबराची लवचीकता जाते, आणि दोन-तीन उन्हाळे सतत उघड्यावर काढलेल्या गाडीचा थर कडक होऊन तुटू लागतो. म्हणून तेवढ्या अवधीच्या आत काढून घ्यावा किंवा वर नवे हात द्यावेत. दुसरा शत्रू पेट्रोल. टाकीच्या झाकणाखाली पंपावर सांडलेले चार थेंब पुसायच्या आत रबर चिकट करून टाकतात आणि तिथे खाली ओघळलेला डाग कायमचा राहतो. झाकणाच्या भोवतीचा भाग कोराच ठेवा, असे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण तो रंगवून घेतो.

माझे मत विचाराल तर संपूर्ण गाडी काळी करू नका. खानदेशात पांढरी गाडी हाताशी असताना ती काळी करून उन्हात लावणे, हा हौसेपायी आत बसणाऱ्यांना दिलेला त्रास आहे. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रात रंगाची नोंद असते, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहन त्या नोंदीहून वेगळे करून चालत नाही. रंग उद्या सोलता येतो म्हणून आज तो वेगळा नाही, असा युक्तिवाद रस्त्यात ऐकून घेतला जात नाही. एमएच १८ ची गाडी असेल तर धुळ्याच्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्या. ऑलिव्ह हिरवा रंग तर कोणत्याही परिस्थितीत नको, तो संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. चाकांच्या रिम, पुढची जाळी, मागची चिन्हे एवढ्यावर हौस भागवावी. चार रिमना आम्हाला साधारण दोन-तीन डबे लागतात, आणि मन भरले की पंधरा मिनिटांत चाक मूळ रूपात येते. ब्रेकच्या तबकडीवर मात्र एक शिंतोडाही उडू देऊ नये. थंड देशांत रिमवर हा थर देण्याला आणखी एक कारण आहे. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते धातूला खाते. म्हणून लोक हिवाळ्याच्या तोंडी थर देतात आणि वसंतात सोलून टाकतात.

आता भावाचे झाड. गाडीच्या पत्र्याला श्वास घ्यायचा नसतो, पानाला घ्यायचा असतो. पानावरील सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर जाते आणि हवा आत येते. त्यांवर जाड रबर बसले की पान गुदमरते. त्याआधीच डब्यातला द्रावक त्याला जाळून टाकतो. झाडांसाठी जे मिळते ते वेगळे असते: पाण्यात मिसळून मारायचे, बहुधा पाइनच्या राळेपासून केलेले, रंध्रे काही प्रमाणात झाकून वाफ कमी करणारे आणि काही आठवड्यांत ऊन-पावसाने आपोआप झिजून जाणारे बाष्परोधक. केळीवाल्या माणसाला ही कल्पना परकी नाही. उन्हाळ्यात आपणही ८ टक्के केओलीन फवारतो. ती पांढरी माती ऊन परतवते आणि बाष्पीभवन कमी करते.

परंतु यातले काहीही ऊब देत नाही, आणि गैरसमज तिथेच आहे. रात्री पान आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे घालवते, आणि केसाहून पातळ थर ती रोखू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत रावेर-यावलकडे पारा दहाच्या खाली उतरतो, पाने पिवळी पडतात, निसवणारा, म्हणजे बाहेर पडू पाहणारा, घड खोडातच अडकतो. तेव्हा आमच्याकडे कुणी फवारणीच्या भरवशावर राहत नाही. रात्री विहिरीचे पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा कोमट असते, आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. बाष्परोधकाचा उपयोग एका मर्यादित प्रसंगी होतो. जमीन गोठली आहे, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वर वारा व ऊन पाने सुकवत आहेत, अशा वेळी तो पाणी वाचवतो. तेवढ्यासाठी मारायचा असेल तर कोरड्या पानांवर, कडाका सुरू होण्याच्या आधी, गोठणबिंदूच्या बऱ्याच वरच्या तापमानात मारावा.

त्याआधी भावाने झाड कोणते आहे ते ओळखावे. इंग्लंडच्या अंगणात ज्याला पाम म्हणतात ते पुष्कळदा कॉर्डिलाइन असते, म्हणजे पामच नव्हे. त्याची पाने तलवारीसारखी लांब असतात, वरून मेले तरी ते बुडातून पुन्हा फुटू शकते. पाने पंख्यासारखी आणि खोडावर काथ्यासारखे तपकिरी केस असतील तर ते चुसान पाम, शास्त्रीय भाषेत ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. हे चीनचे झाड आहे. रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४९ साली ते ब्रिटनला पाठवले, त्याचेच नाव त्याला चिकटले. मुरलेले झाड उणे १५ अंशांच्या आसपासचा कडाका सोसते. स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात तर ते रानात इतके पसरले की २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथे त्याच्या विक्रीवरच बंदी आली आहे. म्हणजे भावाचे झाड हेच असेल आणि दोन-चार वर्षे जमिनीत मुरलेले असेल, तर इंग्लंडच्या बहुतेक भागांत त्याला फवाऱ्याची गरजच नाही.

नव्याने लावलेले असेल तर जपायचा तो पोंगा, म्हणजे मधला, नवी पाने फुटणारा शेंडा. या पामला वाढीचा शेंडा एकच असतो. तो गेला की झाड गेले, बाजूने फूट येत नाही. नुसत्या थंडीपेक्षा पोंग्यात साचलेले पाणी गोठणे अधिक घातक ठरते. म्हणून पाने वर घेऊन सुतळीने सैल बांधावीत, पोंग्याभोवती कोरडा पेंढा द्यावा, त्यावर बागेसाठी मिळणारे हवा जाऊ देणारे कापड गुंडाळावे आणि पाऊस आत येऊ नये इतपत वर छत करावे. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो आणि कुजवा सुरू होतो. कडाका ओसरला की लगेच सोडावे. बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचे आच्छादन असू द्यावे.

हिवाळ्यानंतर बाहेरची पाने तपकिरी दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस भावाने मधले न उमललेले पान चिमटीत धरून हलके वर ओढून पाहावे. घट्ट असेल तर झाड ठीक आहे. सैल होऊन हातात आले आणि बुडाला कुजका वास असेल, तर पोंगा कोरडा करून तिथे घरगुती वापरासाठी परवानगी असलेले बुरशीनाशक त्यात ओतावे, वर झाकण ठेवावे आणि जूनपर्यंत कुऱ्हाड लावू नये. नवी सुई, म्हणजे नवे न उमललेले पान, कधी कधी तेवढा वेळ घेते.