घानातला ऊस जातो कुठे?

प्रश्न : भाऊ, नमस्कार. माझा पुतण्या आफ्रिकेतल्या घाना देशात बोअरवेलच्या गाडीवर कामाला आहे. त्याने फोटो पाठवला, एक बाई हातगाडीवर ऊस सोलून विकते आहे. तो म्हणतो, ऊस जागोजागी दिसतो, पण दुकानातली साखर मात्र बाहेरच्या देशातली. पोरीने मोबाइलवर त्या देशाच्या अन्नपुरवठ्याचा तक्ता काढला, तर त्यात ऊस वेगळा आणि साखर वेगळी. हे कसं काय? एवढा पाऊस असून तिथे साखर कारखाना का नाही? आणि आपल्यासारखं गुऱ्हाळ टाकलं तर चालेल का?
— एक शेतकरी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दादा, तुमच्या पोरीला आधी शाबासकी द्या. ऊस आणि साखर या दोन वेगळ्या ओळी आहेत, हे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं.

हे तक्ते संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना करते. देशात पिकलं किती, बाहेरून आलं किती, त्यातून निर्यात, बेणं, नासाडी आणि कारखान्यात गेलेला माल वजा करायचा. उरलं ते माणसांच्या खाण्यासाठी, असं धरून त्याला लोकसंख्येने भागायचं. म्हणजे 'ऊस' या ओळीत जो आकडा आहे, तो साखर न होता ऊस म्हणूनच लोकांपर्यंत पोचलेला माल. तुमच्या पुतण्याच्या फोटोतली बाई त्या ओळीत आहे. ती सुरीने साल काढते, बोटाएवढे तुकडे करते, प्लास्टिकच्या पिशवीत भरून देते. आपल्या आठवडी बाजारातल्या गंडेऱ्याच त्या. घेणारा चघळतो आणि चोथा थुंकतो. म्हणून तो किलोचा आकडा पाहून पोटात तेवढं गेलं असं समजू नका. किलोभर उसात साखर भरते शंभर-सव्वाशे ग्रॅम, बाकी पाणी आणि चिपाड. तरी उन्हात राबणाऱ्याला ती पिशवी किती आधार देते, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

साखरेची ओळ निराळी. घानात सकाळी बाजरीचं किंवा मक्याचं आंबवलेलं पातळ पेय पितात, त्याला कोको म्हणतात. चॉकलेटच्या कोकोशी त्याचा संबंध नाही, आपल्या आंबिलीचा भाऊच म्हणा ना. त्यात साखर घालतात आणि सोबत चवळीचे वडे. दुसरं पेय सोबोलो. लाल अंबाडीची बोंडं उकळून, आलं-लवंग टाकून केलेलं शरबत. आपल्याकडेही काही घरी बायका अंबाडीच्या फुलांचं शरबत करतात, त्यांना विचारा, त्या आंबटाला साखर किती लागते! ही साखर जवळजवळ सगळी आयात होते, बरीचशी ब्राझीलहून.

कारखाना नाही असं मात्र नाही. एकदा नव्हे, दोनदा झाला. 1960च्या दशकात घाना सरकारने समुद्राकाठी कोमेंडा आणि व्होल्टा नदीच्या खोऱ्यात आसुत्सुआरे इथे कारखाने उभे केले. 1980च्या दशकात दोन्ही बंद पडले. पुढे कोमेंडाला नवा कारखाना बांधला, तोही आपल्या भारताच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेच्या साडेतीन कोटी डॉलर कर्जातून. मे 2016मध्ये उद्घाटन झालं. चाचणी झाली आणि थोड्याच दिवसांत यंत्रं थांबली, कारण गाळायला पुरेसा ऊस नव्हता.

त्याची क्षमता दिवसाला 1,250 टन. आता तुमच्या हिशेबाने बघा. एकरी 30 टन उतारा धरला, तर रोज 40 एकरांहून थोडं जास्त वावर मोकळं झालं पाहिजे. दीडशे दिवसांचा हंगाम म्हणजे सव्वासहा हजार एकर, आणि तेही कारखान्याच्या हाताशी. पावसाचं म्हणाल तर घानाची राजधानी अक्रा, तिकडच्या किनाऱ्यावर आपल्या वर्ध्याहून कमी पाऊस पडतो. ओलिताशिवाय बारमाही ऊस उभा राहत नाही. गहू-तांदळासारखा ऊस बोटीतून आणून काम भागवता येत नाही, कारण कापल्या घटकेपासून त्यातली साखर उतरायला लागते.

ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी शाळकरी असताना आमच्या टापूतल्या कारखान्याच्या दारात बाबांच्या दोन बंड्या तीन दिवस उभ्या होत्या. पहिल्या दिवशी कापलेलं तोंड पांढरं, ओलं. तिसऱ्या दिवशी ते सुकून तपकिरी झालं आणि बंडीजवळ गेलं की आंबूस वास. बाबा एक कांडं उचलून हुंगायचे, परत ठेवायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी ऊस मोडून पऱ्हाटी लावली. कारखान्याला ऊस कमी पडायला तिथूनच सुरुवात झाली, कारण असं करणारे ते एकटे नव्हते. म्हणून कोमेंडाचं वाचताना मला राग आला तो ऊस न लावणाऱ्यांचा नव्हे. शेतकऱ्याला पाणी, बेणं आणि भावाची हमी आधी मिळायला हवी होती, कारखान्याची चिमणी नंतर.

आता गुऱ्हाळ. होऊ शकतं, पण पुतण्याने आधी एक चौकशी करावी : शेतकरी ऊस सध्या कोणाला देतो? चघळायचा ऊस बाजारात जातो, आणि बराच आक्पेतेशी गाळणाऱ्यांकडे. ही तिथली कडक दारू, ताडीपासून किंवा उसाच्या रसापासून काढतात. इंग्रजांच्या काळात तिच्यावर बंदी होती, ती स्वातंत्र्यानंतर उठली. आपल्याकडच्या मोहाच्या दारूवरही इंग्रजांनी बंधनं घातली होती. गाळणारा शेतकऱ्याला रोख मोजत असेल, तर गुऱ्हाळवाल्याला त्याच्यापेक्षा दोन पैसे जास्त देणं भाग आहे, नाहीतर चरक रिकामा फिरेल. सुरुवात एका चरकाने आणि एका कढईने करावी. जळणाला चिपाड पुरतं, पण ते वाळवायला ऊन हवं, म्हणून पावसाच्या महिन्यांत भट्टी लावू नये. गूळ तिथल्या लोकांच्या जिभेला नवा आहे, तेव्हा पहिल्या ढेपा त्या कोको विकणाऱ्या बायांना द्याव्या. त्यांनी साखरेऐवजी घातला आणि गिऱ्हाइकाने पुन्हा मागितला, तरच दुसरी कढई घ्यावी.

रस निवळायला पावडरी नेऊ नका म्हणावं. आपण भेंडीची ओली झाडं ठेचून तो चिकट रस कढईत टाकतो आणि मळी वर आली की झाऱ्याने काढतो, तेवढंच करायचं. भेंडीचं कालवण घानात घरोघरी होतं. तोडा संपला की झाडं उपटून टाकतातच, ती मागून आणावी.