पांडाजमध्ये (पायथनची टेबलं हाताळायची लायब्ररी) दोन टेबलं मर्ज केली, म्हणजे जोडली, की ओळी दुप्पट होतात. माझं काय चुकतंय? जॉइन नीट कसा शिकावा?

कोड बहुतेक बरोबरच असेल. चुकली असणार ती की, म्हणजे ज्या कॉलमवरून तुम्ही टेबलं जोडलीत तो. हे छातीठोकपणे सांगतोय, कारण मी नेमकं हेच करून बसलो होतो.

मुलुंडला आमची सोसायटी. ए आणि बी विंग, प्रत्येकीत २८ फ्लॅट. खजिनदारपद गळ्यात पडलं तेव्हा हिशेब पायथनमध्ये न्यायची हौस आली. एका टेबलात सभासद, दुसऱ्यात तिमाहीची मेंटेनन्सची बिलं, दोन्हींत ५६ ओळी. फ्लॅट नंबरवर मर्ज केलं आणि आल्या ११२! एरर नाही, काही नाही. झालं असं की १०१ नंबर दोन्ही विंगांत आहे. डावीकडचे दोन १०१ उजवीकडच्या दोन्ही १०१ना चिकटले, म्हणजे प्रत्येक नंबराच्या चार ओळी. अठ्ठावीस चोक बारोदरसे.

मर्जला की सांगायची ती 'ऑन'मध्ये; तिथे विंग आणि फ्लॅट असे दोन्ही कॉलम दिले आणि ५६ झाल्या. तेव्हापासून 'व्हॅलिडेट'मध्ये वन-टू-वन लिहायची सवय लावून घेतली. की कुठे दोनदा आली तर पांडाज तिथेच थांबून बोंब मारतं.

पुढचा घोळ याहून वाईट. बिलांना पावत्या जोडल्या, तर यादीत सगळे पैसे भरणारे! मर्जला काही सांगितलं नाही तर ते इनर जॉइन करतं, दोन्हीकडे आहेत तेवढेच ठेवतं. ज्यांना शोधायला हा खटाटोप, ते थकबाकीदारच गायब. 'हाऊ'मध्ये लेफ्ट लिहिल्यावर बिलाची प्रत्येक ओळ टिकली आणि पावती नाही तिथे नॅन, म्हणजे रिकामी जागा, आलं. मग एकाने दोन हप्त्यांत भरलेलं, त्याचं बिल दोनदा दिसू लागलं. म्हणून पावत्यांची फ्लॅटवार बेरीज आधी ग्रुपबायने करा, जोडणं नंतर.

(एप्रिलच्या पावत्यांखाली मेच्या लावायच्या असतील तर तो जॉइन नव्हेच, कॉन्कॅट.)

जॉइन समजावताना शिकवणीत दाखवतात त्या एकमेकांवर आलेल्या दोन वर्तुळांवर माझा फार विश्वास नाही, ओळी वाढतात हे त्यात दिसतच नाही. त्यापेक्षा चार-चार ओळींची टेबलं कागदावर काढा, किती ओळी येतील ते आधी लिहा, मग रन करा.

सरावाला पश्चिम रेल्वे आणि मध्यची मेन लाइन घ्या. मुंबईतल्या स्टेशनांच्या नावावर इनर जॉइन केलात तर एकटं दादर उरतं. स्टेशनच्या कोडवर केलात तर तेही जातं, कारण पश्चिमला ते डीडीआर आणि मध्यला डीआर. आणि माटुंगा रोडला माटुंग्याशी जुळवायचा मोह आवरा. स्टेशनं वेगळी आहेत, मधलं अंतर चालावं लागतं.